कुत्रा घरात आला, पण जवळ येत नाही: विश्वास बसवण्याचा क्रम

वर्षा-दोन वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घेतला की पहिला रविवार बहुतेक घरांत सारखाच जातो. सकाळी अंघोळ, दुपारी बघायला आलेले नातेवाईक, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फेरी, रात्री सोफ्यावर ओढून फोटो. सोमवारी कुत्रा पलंगाखाली जातो आणि मंगळवारी प्रश्न येतो, की इतका जीव लावतो तरी हा जवळ का येत नाही? जीव लावण्यात काही खोट नसते. क्रम उलटा झालेला असतो. स्पर्श, फिरणं, पाहुणे या शेवटच्या गोष्टी पहिल्याच दिवशी उरकल्या जातात, आणि पहिली गोष्ट, म्हणजे स्वस्थ बसून त्याच्याकडे बघणं, राहूनच जाते.

खालच्या सगळ्या टप्प्यांत सजगता लागते, तीही अगदी व्यवहारातल्या अर्थाने. या क्षणी आपला हात, आवाज आणि श्वास काय करतोय याचं भान ठेवायचं, आणि कुत्रा आत्ता काय करतोय ते बघायचं. त्याने काय करायला हवं होतं, हा विचार बाजूला.

खालचे टप्पे मोठ्या कुत्र्यासाठी आहेत. साधारण सहा ते आठ आठवडे धरा; घाबरट कुत्र्याला याच्या दुप्पट लागले तरी काही बिघडत नाही. पिल्लू असेल तर इतकं थांबू नका. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असतं, त्या काळात त्याला माणसं, आवाज, वाहनं हळूहळू दाखवावीच लागतात. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर कडेवर घेऊन दाखवा, जमिनीवर कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचारा.

तयारी: कुत्रा यायच्या आधी

जागा ठरवा. घरातला असा कोपरा शोधा जिथून माणसांची ये-जा होत नाही, पण माणसं दिसतात. हॉलचा दाराजवळचा कोपरा नको, स्वयंपाकघराचा उंबरठा नको, बाल्कनी तर नकोच. तिथे दोन बाजूंनी आडोसा करा: एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट किंवा चादर टाकलेली खुर्ची. आत जुनी गोधडी पुरते, महागडा बेड घ्यायची गरज नाही.

फरशीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर, पूर्वी मातीत आणि डांबरावर चाललेल्या कुत्र्याचे पाय सरकतात. तो भिंतीकडेने चालतो, मधेच थबकतो, आणि घरच्यांना वाटतं माणसांना भितोय. त्याच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंज्या किंवा रबरी तळाची पायपुसणी अंथरा. बऱ्याच कुत्र्यांचा निम्मा बावरलेपणा एवढ्यानेच ओसरतो.

सामान थोडंच लागतं:

- पाठीवर आणि छातीवर दोन्हीकडे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत सैल.
- गळ्याचा साधा पट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला.
- दोन मीटरची दोरी, आणि मोकळ्या जागेसाठी पाच मीटरची.
- एक छोटी चटई किंवा आसन, जे घडी करून कुठेही नेता येईल.
- झाकणाची डबी, खाऊसाठी.
- एक वही.

खाऊ म्हणजे बिनमिठाची उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं किंवा पनीर, तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे. दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत हा खाऊ बसवा आणि तेवढं जेवण कमी करा. रश्श्यातला तुकडा धुऊन देणं हा उपाय नाही, त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) घातलेले बिनसाखरेचे पदार्थ अजिबात नकोत.

आधी डॉक्टर. हा टप्पा वगळून पुढचं सगळं करणारी घरं पुष्कळ आहेत. कान दुखत असेल, दाढ किडली असेल, कंबरेत जुना मार असेल तर कुत्रा हात लावू देणार नाही आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. गोचीड-तापाची तपासणी करून घ्या. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात तो नेहमी सापडतो आणि सुस्तपणाला आपण शांत स्वभाव समजून बसतो. रेबीजची लस आणि जंताचं औषध याच भेटीत होऊन जाऊ दे.

घरातल्या सगळ्यांशी एकदा बोलून तीन गोष्टी ठरवा: तो कोपऱ्यात असताना कुणी तिथे जाणार नाही, तो खात असताना कुणी भांड्याला हात लावणार नाही, आणि झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं झालं तर लांबून हाक मारायची. आजी-आजोबा आणि लहान मुलं या बोलण्यात असायलाच हवीत. घरात चार जण नियम पाळतात आणि पाचवा "अरे काही करत नाही तो" म्हणत पुढे जातो, तिथेच पहिला चावा होतो.

१. आधी स्वतः शांत व्हा (रोज, जवळ जाण्याआधी तीन मिनिटं)

ऑफिसातून आल्या आल्या, हेल्मेट हातात, फोन कानाला, अशा अवस्थेत कुत्र्याजवळ जाऊ नका. चपला काढा, पाणी प्या, हात धुवा आणि त्याच्यापासून लांब खुर्चीत बसा. मनात चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. असं बारा-पंधरा वेळा. श्वास सोडताना तीन जागा तपासा: जबडा आवळलेला आहे का, खांदे वर चढलेत का, बोटं आखडलीत का. सोडणं लांबवलं की शरीर सैल पडतं, आणि कुत्रा तेच वाचत असतो.

वासाने तर तो आणखीच वाचतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 मध्ये झालेल्या प्रयोगात माणसांना अवघड तोंडी गणित घातलं, आणि त्याआधीचा व नंतरचा त्यांचा घाम आणि श्वास यांचे नमुने कुत्र्यांना हुंगायला दिले. ताणाचा नमुना कुठला, ते कुत्र्यांनी ओळखलं. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने 2019 मध्ये केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं तेव्हा मालक आणि कुत्रा यांच्यातला दीर्घकाळचा ताण एकमेकांशी जुळता निघाला. तेव्हा वरवर गोड आवाज काढून आतली चिडचिड झाकता येईल या भरवशावर राहू नका.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंटवर करून खिशात, असं नको. खिशातला फोन थरथरला की तुमचं लक्ष जातं, हात खिशाकडे जातो, आणि कुत्रा दचकतो.

तपासा: आज मन ताळ्यावर नाहीच? भांडण झालंय, ताप आहे, झोप झालेली नाही? मग आजचा सराव रद्द. जेवण द्या, पाणी द्या, शू-शीला नेऊन आणा, बास. एक दिवस बुडाल्याने काही मागे पडत नाही, वैतागलेल्या हाताने केलेला सराव मात्र मागे नेतो.

२. नुसतं बघा (पहिले तीन ते सात दिवस)

दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्याच्यापासून दोन-अडीच मीटरवर जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ नाही पण तोंडही नाही, कूस करून. डोळ्यांत डोळे घालू नका. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाचं 2015 चं संशोधन बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांचं ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक) वाढतं. ते खरं आहे, पण तिथे जोड्या एकमेकांना सरावलेल्या होत्या. कालच घरी आलेल्या कुत्र्याकडे टक लावणं ही त्याच्या भाषेत धमकी आहे.

या दहा मिनिटांत बोलायचं नाही, बोलवायचं नाही, खाऊ पुढे करायचा नाही. त्याच्या अंगाचा एकेक भाग बघायचा: कान, कपाळ, डोळे, ओठ, पाठ, शेपूट, पाय. मग वहीत दोन ओळी. काय दिसलं तेवढंच लिहा, अर्थ लावू नका. "रुसला" असं लिहू नका. "दार वाजलं, मान वळवली, ओठ चाटले" असं लिहा. सवय होईपर्यंत हे चमत्कारिक वाटतं, पण आठवड्याभराने वही उलटून बघितली की कुठली वेळ, कुठला माणूस, कुठला आवाज त्याला जड जातो ते आपोआप दिसायला लागतं.

कशाकडे लक्ष द्यायचं:

- समोर खाणं नसताना जीभ ओठांवरून झटकन फिरवणं
- झोप नसताना जांभई
- मान वळवून घेणं, जमीन हुंगायचं निमित्त करणं
- एक पुढचा पाय उचलून धरणं
- डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसणं
- अंग ओलं नसताना झाडणं
- उकाडा नसताना, पळालेला नसताना धापा टाकणं

यातलं एखादं दिसलं म्हणजे आकाश कोसळलं नाही. पण मिनिटभरात दोन-तीन दिसली तर तुम्ही फार जवळ आहात किंवा फार वेळ बसला आहात. उठा, कडेकडेने लांब जा.

दोन खुणांबाबत हमखास फसगत होते. शेपूट हलते म्हणजे खूश, हा समज सोडा. कंबरेसकट सैल, रुंद हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून आखूड झटके देणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारात हात पुढे केलात तर परिणामाला तयार राहा. तसंच पोट दाखवणं: अंग सैल, तोंड उघडं, डोळे बारीक असतील तर तो खुशीत आहे, शेपूट पोटाशी, तोंड घट्ट मिटलेलं असेल तर तो "मला सोडा" म्हणतोय. अशा वेळी पोट खाजवायला जाऊ नका.

आणि सगळ्यांत गंभीर खूण अगदी शांत असते. कुत्रा एकदम थिजतो, तोंड बंद होतं, श्वास अडखळतो. घरचे म्हणतात, बघ कसा गुणी बसलाय. तिथून लगेच मागे व्हा.

रात्री तो गाढ झोपला की श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक, पूर्ण मिनिटभर. शांत झोपेत निरोगी मोठ्या कुत्र्याचा आकडा तिसाच्या आत असतो. स्वप्नात पाय हलत असतील तेव्हा मोजू नका. सलग काही दिवस आकडा तिसाच्या वर राहिला तर डॉक्टरांना कळवा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास घरच्या घरी लवकर लक्षात येतो तो असाच. या मोजण्याचा दुसरा फायदा असा, की एक मिनिट तुम्हीही गप्प, स्थिर बसता. रोजचा आकडा वहीत.

तपासा: तुम्ही खोलीत असताना तो कुशीवर पाय सोडून झोपतो का? उठल्यावर आळस देतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे. जेवण फक्त तुम्ही गेल्यावरच खात असेल तर अजून इथेच थांबा.

३. त्याला येऊ द्या

इथली नेहमीची चूक: तळहातावर कोंबडी ठेवून हात लांब करायचा आणि चुचकारत राहायचं. भुकेने किंवा लालचीने कुत्रा येतो, मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून, तुकडा उचलतो आणि तेवढ्यात आपण डोक्यावरून हात फिरवतो. तोंड खाऊकडे आणि मन पळण्याकडे अशी ओढाताण आपणच लावून दिली. दोनदा असं झालं की तो खाऊवरही संशय घ्यायला लागतो.

असं करा:

1. त्याच्याकडे कूस करून बसा, डबी मांडीआड.
2. एक तुकडा हळूच टाका, त्याच्या मागच्या बाजूला. तुमच्याकडे नाही, त्याच्या पाठीमागे, तुमच्यापासून आणखी लांब जाईल असा.
3. तो तिकडे जाईल, खाईल आणि वळून बघेल.
4. तो बघितल्यावर, किंवा स्वतःहून एखादं पाऊल तुमच्याकडे आल्यावर, पुन्हा एक तुकडा त्याच्या मागे.
5. आठ-दहा तुकडे झाले की "झालं" म्हणा, डबीचं झाकण लावा, उठून जा.

जवळ आल्याचं बक्षीस म्हणून लांब जायची मुभा, हे आधी उलटं वाटतं. पण अंतर त्याच्या हातात राहिल्यामुळेच तो दर खेपेला थोडा जास्त जवळ येतो. साधारण तीन-चार दिवसांत बहुतेक कुत्री तुकडा खाऊन तुमच्या गुडघ्यापाशी येऊन थांबतात. आली तरी हात लावायचा नाही. हुंगू द्या. पायाचा अंगठा हुंगतील, पाठीमागे जाऊन कानाजवळ हुंगतील. तुम्ही श्वास लांब सोडत बसा.

"झालं" हा शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरा. एक जण "झालं", दुसरा "बस्स", तिसरा "संपलं" म्हणाला, तर त्याच्यासाठी तिन्हींना अर्थ उरत नाही.

४. स्पर्श

कुत्र्याशी नातं बिघडतं ते बहुधा इथे, म्हणून हे सावकाश वाचा.

डोक्यावरून सुरुवात करू नका. वरून येणारा हात त्याला दिसत नाही, आणि रस्त्यावर मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या अनुभवात वरून आलेला हात दगड घेऊनच आलेला असतो. सुरुवात छातीपासून किंवा खांद्याच्या बाजूने. हात खालून, उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. दाब असा की केस हलतील, कातडी सरकणार नाही. वेग केसांच्या दिशेने, संथ. थोपटणं नको, आपण मुलाला थोपटतो तसं थोपटलं की पुष्कळ कुत्री डोळे मिचकावतात, आपण ते सुख समजतो आणि ते असतं सहन करणं.

तीन सेकंद. मग हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवा आणि बघा:

- तो अंग तुमच्याकडे लोटतो, नाकाने हात ढकलतो, सरकून जवळ येतो: आणखी तीन सेकंद.
- काहीच करत नाही, नुसता उभा राहतो: याला नकार समजा. होकार इतका मोघम नसतो.
- ओठ चाटतो, मान फिरवतो, अंग झाडतो, निघून जातो: आजचं संपलं. मागोमाग जाऊ नका.

दर तीन सेकंदांनी हात काढणं रोज पाळायचं, निदान महिनाभर. आपल्याला सुख वाटत असतं म्हणून हात थांबत नाही, आणि नेमकं तेव्हाच भान सुटतं. स्वतःच्या तळहाताकडे लक्ष ठेवायचा हा सराव आहे: केस ऊबदार लागतायत का, खालचा स्नायू सैल आहे की दगडासारखा, हात ठेवल्यावर त्याचा श्वास थांबला का. श्वास थांबला तर हात काढा, तीन सेकंद पुरे झाले नसले तरी.

पंजे, कान, शेपूट, तोंड या जागा शेवटी. तिथे पद्धत अशी: आधी स्पर्श एक सेकंद, नंतर तुकडा. हात मागे, तुकडा बंद. उलटं करून, म्हणजे तो खात असताना गुपचूप पंजा धरून, नखं कापायचा प्रयत्न करू नका. आज कापून होतील, पुढच्या वेळी नेलकटर दिसताच तो पलंगाखाली.

सावधान: मिठी नको. कुत्रं कुत्र्याला मिठी मारत नाही. मानेभोवती आलेले हात म्हणजे अडकणं. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम पक्का ठेवा, कारण मिठीत मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाशी असतो. मूल आणि कुत्रा यांना खोलीत दोघांनाच ठेवू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

अंघोळ पहिले दोन-तीन आठवडे पुढे ढकला, डॉक्टरांनी सांगितली असेल तरच घाला. ओल्या फडक्याने पुसून काम भागतं.

५. चटई

घडीची चटई म्हणजे त्याची न्यायला येणारी सुरक्षित जागा. ती फक्त सरावाच्या वेळी अंथरायची, एरवी उचलून ठेवायची.

चटई अंथरा आणि गप्प बसा. त्याने तिच्याकडे पाहिलं, तुकडा चटईवर. पाय ठेवला, तुकडा चटईवर. बसला, तुकडा, आडवा झाला, दोन तुकडे, दोन पुढच्या पायांच्या मध्ये. "बस, बस, बस" असा जप करू नका. इथे हुकूम पाळणं शिकवायचं नाही, त्या जागी अंग सैल सोडायला शिकवायचं आहे. म्हणून तुकडा द्यायची वेळ निवडताना त्याचा श्वास बघा. हनुवटी टेकली, कंबर एका बाजूला कलली, लांब उसासा सोडला, त्या क्षणी तुकडा. ताठ बसून डबीकडे टक लावली असेल तर थांबा.

पहिले दिवस दोन मिनिटं, नंतर पाच, मग दहा. दहा मिनिटं जमली की मध्ये छोट्या अडचणी आणा: तुम्ही उभे राहा, परत बसा, दोन पावलं जा, परत या, दाराची कडी हलवा. एका वेळी एकच अडचण. कडी हलवली आणि तो उठला तर रागवायचं नाही, अडचण मोठी झाली एवढाच त्याचा अर्थ. मागच्या पायरीवर या.

६. बाहेर

फिरायला नेणं पहिल्या दिवसापासून लागतंच, शू-शीसाठी. ते इमारतीच्या आसपास, रोज त्याच जागी, दहा मिनिटांत परत. फेरफटका वेगळा, तो चटईपर्यंतचे टप्पे झाल्यावर.

घाबरलेला कुत्रा मागे सरतो आणि गळ्याच्या पट्ट्यातून सुटतो. नव्या कुत्र्यांचं हरवणं बहुधा असंच होतं. म्हणून पहिला महिना दोरी हार्नेसला, आणि दुसरी आखूड दोरी गळ्याच्या पट्ट्याला, दोन्ही हातात. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काट्यांचा पट्टा घेऊ नका. गळ्याला कळ बसते तेव्हा समोर जे असेल, दुसरा कुत्रा किंवा शाळेतून येणारं मूल, त्याच्याशी ती कळ जोडली जाते.

लिफ्ट हा वेगळा धडा आहे. आधी उघड्या लिफ्टसमोर तुकडे, मग आत जाऊन लगेच बाहेर, मग एक मजला. गर्दी असेल तर पुढची लिफ्ट घ्या. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि त्याला शूची घाई असेल तर सरावाचा हट्ट नको, जिन्याने न्या.

फेरीत ठरवून वीस मिनिटं फक्त हुंगण्याची ठेवा. दोरी सैल, वेग त्याचा, दिशा त्याची, फोन खिशाच्या बाहेर नाही. तो एका खांबाशी दोन मिनिटं उभा राहिला तर तुम्हीही उभे राहा आणि स्वतःचे तळपाय, हातातला दोरीचा ताण याकडे लक्ष द्या. दोरीवर नकळत ताण ठेवणं ही इतकी रुळलेली सवय आहे की हातात दोरीऐवजी कच्चं अंडं आहे असं समजल्याशिवाय ती जात नाही.

गल्लीतली कुत्री समोर आली तर उभं राहून बघत बसू नका आणि दोरीही खेचू नका. कमानीसारखं वळण घेत रस्त्याच्या पलीकडे जा, चालता चालता तुकडे जमिनीवर टाकत. वेळ निवडणं सगळ्यांत सोपं: तुमच्या गल्लीतली कुत्री शांत असतील ती वेळ धरा.

तपासा: हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी नऊनंतर संध्याकाळ कलेपर्यंत बाहेर काढूच नका.

७. आवाज आणि माणसं

कुकरची शिट्टी, दाराची बेल, मिक्सर, खालून जाणारी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल. घरातल्या आवाजांची यादी वहीतून तयार झालेली असेल. एका वेळी एक आवाज घ्या. फोनवर रेकॉर्ड करा आणि इतका बारीक वाजवा की कान हलेल पण डोकं उठणार नाही.

क्रम असा: आवाज, एक सेकंद, तुकडा. आवाज, एक सेकंद, तुकडा. पाच वेळा, मग बंद. तुकडा आधी आणि आवाज नंतर झाला तर उलटाच धडा बसतो: कोंबडी आली म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार. ही चूक इतकी सर्रास होते की कुत्रा डबी बघूनच पळतो आणि घरचे म्हणतात, याला खाऊचीही किंमत नाही. दर दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. खऱ्या शिट्टीच्या वेळी तोवर स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि त्याला लांबच्या खोलीत चटईवर ठेवा.

पाहुण्यांना दारातच तीन गोष्टी सांगा: बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. "मला कुत्र्यांची सवय आहे" म्हणणारे पाहुणे सगळ्यांत जास्त त्रास देतात. ऐकत नसतील तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत, दार बंद. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

दिवाळी या सरावात बसत नाही. फटाक्यांची तयारी महिनाभर आधी सुरू करा, आणि गेल्या वर्षी कुत्रा थरथरला, लाळ गाळली, दार खरवडलं असं असेल तर डॉक्टरांना औषधाबद्दल तीन-चार आठवडे आधीच विचारा. औषध एखाद्या साध्या दिवशी देऊन बघायचं असतं, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिल्यांदा नाही. नुसती गुंगी आणणारी गोळी आणि भीती कमी करणारी गोळी या वेगवेगळ्या. कुठली देताय ते विचारून घ्या. घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेततात. त्या संध्याकाळी तो तुमच्याजवळ येऊन चिकटला तर बसू द्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

गाडी मागे आली तर

येतेच. घरात रंगकाम निघालं, कुणी आजारी पडलं, पायरीवरून पडला, की चौथ्या टप्प्यावरचा कुत्रा दुसऱ्यावर येतो. दोन टप्पे मागे जा आणि तिथे दोन दिवस राहा. एकाच दिवसात डॉक्टर, पाहुणे आणि वादळ असं साचलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस काहीही नवं नको, फक्त जेवण, हुंगणं आणि झोप. मोठ्या कुत्र्याला दिवसाचे बारा-चौदा तास झोप लागते. ती घरातल्या वर्दळीत मोडत असेल तर वरचा कुठलाही सराव लागू पडत नाही, हे आधी बघा.

गुरगुरला तर ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. थांबा, नजर बाजूला करा, कडेकडेने लांब जा, आणि त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं ते वहीत लिहा.

पुढच्यांपैकी काही दिसलं तर घरचे उपाय थांबवून आधी डॉक्टर, आणि मग बक्षीस देऊन शिकवणारा प्रशिक्षक:

- दोन दिवस जेवत नाही, किंवा पाणी पीत नाही
- आजवर हात लावू देणारा कुत्रा अचानक एखाद्या जागी हात लावू देत नाही
- स्वतःचे पंजे किंवा शेपूट चावून जखम करतो
- घरातल्या एखाद्या माणसावर सूचना न देता धावून जातो

प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, दाब, "बॉस कोण ते दाखवणं" आलं तर फी देऊ नका.

दात लागला, अगदी खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि कुत्र्याच्या लशीचं कार्ड बरोबर न्या. कुत्र्याला लस दिलेली असली तरी तुमच्या इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टरांचा.